आज्ञावली आणि विद्यार्थी : घोड-कुकडीच्या परिसरातील एका विद्येचा इतिहास

१

घोड नदीवरील डिंभे धरणाचा डावा कालवा आंबेगावची हद्द ओलांडून जुन्नर तालुक्यातील येडगावच्या जलाशयाकडे जातो. डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव आणि पिंपळगाव जोगे अशा पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प झालेला आहे. या प्रकल्पाने जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आर्थिक इतिहास घडविला, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच काळात, त्याच परिसरात, एका निराळ्याच विद्येचाही इतिहास घडत होता व त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे उभी असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आणि शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रम ही या विद्येची दोन स्थाने होत. संगणकास द्यावयाच्या आज्ञा लिहिण्याची, म्हणजे आज्ञावलीची, ही विद्या आहे.

या विद्येचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली अमुक यंत्र आले, त्याचा वेग इतका होता, पुढे त्याहून वेगवान यंत्र आले, अशी त्याची मांडणी असते. प्रस्तुत लेखाचा हेतू वेगळा आहे. यंत्रासमोर बसणाऱ्या, अथवा यंत्रापासून दूर ठेवल्या गेलेल्या, विद्यार्थ्याचे या विद्येशी असलेले नाते कसकसे पालटत गेले, हे येथे पाहावयाचे आहे. यंत्र सुलभ होत गेले म्हणून विद्यार्थी ज्ञानाच्या अधिकाधिक निकट येत गेला, असे सरळ अनुमान काढण्याचा मोह होतो. पण पुराव्याकडे पाहिले असता ते टिकत नाही. विद्यार्थी आणि त्याची साधने यांतील अंतर काही वेळा कमी झाले आहे, तर काही वेळा सुलभतेमुळेच वाढले आहे.

२

रेडिओ-खगोलशास्त्राची भारतीय परंपरा ज्यांच्यापासून सुरू होते ते गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे १९५३ साली कोलंबो योजनेखाली सिडनी येथे शिकावयास गेले. तेथे जोसेफ पॉसी यांच्या गटात विल्बर क्रिस्टियानसेन हे अनेक लहान अँटेनांच्या रांगा उभारून सूर्याचे रेडिओ-चित्र तयार करीत होते. या पद्धतीचे तत्त्व थोडक्यात असे : दोन अँटेनांच्या एका जोडीपासून आकाशाचे चित्र मिळत नाही, चित्राचा केवळ एक घटक मिळतो. सतारीच्या एका स्वरात जसे अनेक नाद मिसळलेले असतात आणि त्यांपैकी एकेक नाद वेगळा करून मोजता येतो, तसा हा प्रकार आहे. असे पुष्कळ घटक गोळा करून, फूरिएच्या गणिताने त्यांची बेरीज केली, म्हणजे चित्र सिद्ध होते.

ही बेरीज त्या काळी हाताने केली जात असे. सूर्याच्या एका चित्रासाठी कित्येक महिन्यांचे आकडेकाम लागे. स्वरूप आणि त्यांचे सहाध्यायी पार्थसारथी यांनी हे काम जवळून पाहिले व त्याच रांगेवर स्वतःही निरीक्षणे केली. पुढे तेथील सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या ३२ थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारतास देणगीदाखल दिल्या आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे त्यांची मांडणी होऊन भारतातील या परंपरेची पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. महाराष्ट्राच्या भूमीवर या विद्येचा आरंभ खोडदच्या आधी सुमारे तीन दशके झाला, तो असा.

या पहिल्या अवस्थेत विद्यार्थी हाच संगणक होता. आज्ञा देणारा आणि आज्ञा पाळणारा यांत भेद नव्हता. काम अतिशय कंटाळवाणे होते यात शंका नाही. परंतु त्याचा एक गुण नोंदविण्यासारखा आहे. निरीक्षणापासून चित्रापर्यंतची प्रत्येक पायरी विद्यार्थ्याच्या पेन्सिलीखालून जात असे. एखादा आकडा संशयास्पद वाटला तर तो का वाटला आणि तो गाळावा की ठेवावा, हा निर्णय त्यालाच घ्यावा लागे. तो निर्णय कागदावर राहत असल्याने दुसऱ्यास तपासताही येई.

३

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक बांधण्याचे काम १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. टिफ्रॅक या नावाने पुढे ओळखले गेलेले हे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. त्याच्या स्मृतीत ४० द्व्यंकांचे एक अशी २०४८ पदे मावत. आज हातातील भ्रमणध्वनीत मावणाऱ्या मजकुराशी तुलना केली तर ही स्मृती नगण्य वाटेल. परंतु त्या मर्यादेमुळेच प्रत्येक पदाचा हिशेब आज्ञावली लिहिणाऱ्यास ठेवावा लागे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातील इतर संस्थांनाही त्याचा उपयोग होऊ लागला. फोर्ट्रान ही भाषा शिकलेली भारतीय शास्त्रज्ञांची पहिली मोठी पिढी याच सुमारास तयार झाली. पवईच्या तंत्रशास्त्र संस्थेत सोविएत बनावटीचा मिन्स्क संगणक आला तोही याच दशकात.

या दुसऱ्या अवस्थेतील विद्यार्थ्याचे यंत्राशी असलेले नाते अर्जदाराचे होते. आज्ञावली प्रथम कागदावर लिहावयाची, मग ती छिद्रित पत्रांवर उतरवावयाची, पत्रांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. उत्तर येई ते पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, आणि त्यात अनेकदा एका स्वल्पविरामाच्या चुकीची नोंद असे. यंत्र विद्यार्थ्यास दिसतही नसे. अशा व्यवस्थेत मानवी अंतर फार मोठे होते. मात्र तिने एक शिस्त निर्माण केली. एका चुकीची किंमत एक दिवस असल्यामुळे गठ्ठा देण्यापूर्वी स्वतःची आज्ञावली स्वतःच, यंत्र होऊन, ओळीओळीने वाचण्याची सवय लागली. लिहिण्याइतकेच वाचन हे या विद्येचे अंग आहे, ही जाणीव त्या पिढीत सार्वत्रिक होती. ती कोणी उपदेश केल्याने आली नव्हती. ती खिडकीने शिकविली होती.

१९७० साली उटकमंड येथे स्वरूप यांच्या गटाची ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण सुरू झाली. चंद्राने दूरस्थ रेडिओ-स्रोत झाकले जाण्याच्या क्षणांच्या नोंदी तेथे घेतल्या जात व त्यांवरून गणिताने स्रोताचा आकार काढावा लागे. या नोंदींच्या आधारे स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी १९७५ साली विश्वाच्या उत्क्रांतीविषयी महत्त्वाचे निष्कर्ष मांडले. निरीक्षण, यंत्ररचना आणि गणन ही तिन्ही कामे एकाच लहान गटाच्या हाती होती, हे या काळाचे वैशिष्ट्य होय.

४

खोडद येथील दुर्बिणीची कल्पना १९८० च्या दशकात आकारास आली आणि बांधणी मुख्यतः १९९० च्या दशकात झाली. जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या गेल्या. परिसरात रेडिओ-गोंगाट कमी असावा, पुण्याशी दळणवळण सोपे असावे आणि स्थान चुंबकीय विषुववृत्ताच्या पुरेसे उत्तरेस असावे, म्हणजे आयनांबरातील खळबळ सुसह्य राहील. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना येथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात सुमारे एक किलोमीटरच्या टापूत आहेत व उरलेल्या १६ तीन भुजांवर विखुरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. म्हणजे कोणत्याही क्षणी आकाश-चित्राचे ४३५ घटक एकदम मोजले जातात. २००२ पासून ही दुर्बीण जगातील सर्व संशोधकांस खुली झाली.

सिडनीत एका चित्रासाठी महिने लागत, हे ध्यानात घेता येथे हाताने आकडेकाम करण्याचा प्रश्नच नव्हता. खोडदच्या पहिल्या दशकातील विद्यार्थ्यापुढे जे साधन ठेवले गेले ते अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित होत आलेले एप्स नावाचे आज्ञावली-संकुल. त्याच्या मार्गदर्शक ग्रंथाचे नावच ‘पाककृती-पुस्तक’ अशा अर्थाचे होते, आणि ते नाव अन्वर्थक होते. कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, प्रत्येक कामास कोणते मापदंड द्यावयाचे, हे त्यात लिहिलेले असे. कॅलिब, आयमॅजर, टीव्हीफ्लॅग अशी त्यातील कामांची नावे त्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर असत.

येथे नात्यात एक सूक्ष्म पण महत्त्वाचा पालट झाला. अर्जदाराच्या काळात विद्यार्थी यंत्रापासून दूर, परंतु आज्ञावलीचा कर्ता होता. आता यंत्र त्याच्या मेजावर आले; पण तो कर्त्याचा वापरकर्ता झाला. संकुलातील आज्ञा दुसऱ्यांनी, दुसऱ्या दुर्बिणीसाठी, दुसऱ्या देशात लिहिलेल्या होत्या. त्या उत्तम होत्या, वर्षानुवर्षे तपासलेल्या होत्या, आणि त्यांच्यावाचून खोडदचे विज्ञान उभे राहिले नसते. तथापि मापदंड बदलून पाहणे आणि तत्त्व समजणे यांत अंतर आहे, आणि पाककृती पाळणाऱ्यास ते नेहमीच जाणवते असे नाही.

एका कामात मात्र विद्यार्थ्याची दृष्टी अजून अनिवार्य होती. ते म्हणजे सदोष नोंदी वेगळ्या काढण्याचे. वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या, भ्रमणध्वनीचे मनोरे, दूरचित्रवाणीचे संदेश या सर्वांचा आवाज आकाशातून येणाऱ्या क्षीण संदेशात मिसळतो. विद्यार्थी पडद्यावर प्रत्येक जोडीच्या नोंदींचे पट मांडून, डोळ्यांनी दोष हेरून, त्यांवर खूण करीत असे. या कंटाळवाण्या कामात तासन् तास जात. परंतु आकाश शिकता शिकता तो नकळत जुन्नर तालुकाही शिकत असे. कोणता दोष दिवसा येतो, कोणता विशिष्ट भुजेवरच दिसतो, कोणता सर्व जोड्यांत एकदम उमटतो, हे त्याला कळू लागे.

५

इतिहासाच्या अभ्यासकास हे काम परके वाटण्याचे कारण नाही. दफ्तरातील कागदांची छाननी करताना कोणता कागद अस्सल, कोणता बनावट, कोणता अस्सल पण पक्षपाती, हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की बखरकाराच्या हवाल्यावर न थांबता मूळ कागदापर्यंत जावे. मूळ कागद मोडीत असत. विसाव्या शतकाच्या मध्यास शालेय शिक्षणातून मोडी गेली आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडले : मोडी वाचू शकणारे, आणि दुसऱ्याने केलेल्या लिप्यंतरावर विसंबणारे. दुसऱ्या वर्गाने मोलाचे काम केले नाही असे नव्हे. पण लिप्यंतरकाराने जे वाचले नाही ते त्याच्या इतिहासात येऊ शकत नाही, ही मर्यादा त्याच्यावर कायम राहिली. आज्ञावलीच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न खोडदच्या विद्यार्थ्यापुढे उभा राहिला.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवरील आकाश-सर्वेक्षण. टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी योजलेले हे सर्वेक्षण २०१० ते २०१२ या काळात खोडद येथून झाले. पाच हजारांहून अधिक दिशांना दुर्बीण रोखून सुमारे दोन हजार तासांच्या नोंदी घेण्यात आल्या. मूळ गटाने त्यांतील काही भागाची चित्रे टप्प्याटप्प्याने प्रसिद्धही केली. परंतु या कंप्रतेवर आयनांबर संदेशास सतत वाकवीत असल्यामुळे चित्र अस्पष्ट होते, आणि प्रत्येक दिशेसाठी निराळी दुरुस्ती करावी लागते. हे काम हाताने एवढ्या प्रमाणावर पार पाडणे कठीण होते. २०१७ साली हुइब इंटेमा, पी. जगन्नाथन, के. मूली आणि डी. फ्रेल यांनी संपूर्ण सर्वेक्षणाची चित्रे प्रसिद्ध केली. ३६,९०० चौरस अंश, म्हणजे एकूण आकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग, आणि त्यात सहा लक्ष वीस हजारांच्या आसपास रेडिओ-स्रोत असे त्याचे स्वरूप आहे. हे शक्य झाले ते इंटेमा यांनी लिहिलेल्या स्पॅम या आज्ञावलीमुळे. आयनांबराची दिशावार दुरुस्ती ती आपोआप करीत असे.

या घटनेचा अर्थ लावताना संयम हवा. स्वदेशी-परदेशी असा वाद येथे निरर्थक आहे. नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांस खुल्या व्हाव्यात हे धोरण खोडदचेच होते. या सर्वेक्षणाने दुर्बिणीचे नाव जगभर गेले आणि त्याचा लाभ भारतीय संशोधकांसही झाला. तरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. अँटेना, कंप्रता, निरीक्षणाचे तास हे सर्व आपल्या हाती असले तरी आकाश त्याच्या हाती येते, ज्याच्यापाशी ते वाचण्याची आज्ञा असते.

६

याच सुमारास दुर्बिणीच्या अंतरंगातही स्थित्यंतर होत होते. अँटेनांच्या संदेशांचा परस्परांशी गुणाकार करणारा सहसंबंधक हा भाग प्रारंभी खास बनविलेल्या विद्युत-मंडलांचा होता. तो दुरुस्त करणारा अभियंता निराळा आणि नोंदी वापरणारा विद्यार्थी निराळा, ही विभागणी स्वाभाविक होती. २०१० च्या सुमारास हे काम सामान्य संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या आज्ञावलीकडे आले. जयंत रॉय, यशवंत गुप्ता आदींनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. त्यानंतरच्या सुधारणेत एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहता येऊ लागला. तीस अँटेनांचे प्रत्येकी दोन संदेश आणि प्रत्येकाचे सेकंदास ऐंशी कोटी नमुने असा हिशेब केला तर दर सेकंदास ४,८०० कोटी नमुन्यांवर प्रक्रिया करावी लागते, असे दिसते. हे काम चित्रपटलासाठी बनविलेल्या प्रक्रियकांकडून करून घेतले जाते.

याचा परिणाम असा झाला की दुर्बीण हीच अंशतः आज्ञावली झाली. पोलादी दोर आणि जाळी यांची बनलेली थाळी जितकी दुर्बिणीचा भाग आहे, तितक्याच त्या ओळीही आहेत. म्हणून आपले उपकरण काय करते हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्यास आज्ञावली वाचता येणे अपरिहार्य झाले. या गरजेतून कर्तृत्व पुन्हा विद्यार्थ्याकडे आले. जयंती प्रसाद आणि जयराम चेंगलूर यांनी २०१२ साली सदोष नोंदी आपोआप ओळखणारी फ्लॅगकॅल ही आज्ञावली प्रसिद्ध केली. रुता काळे आणि सी. एच. ईश्वर-चंद्र यांनी २०२१ साली सुधारित दुर्बिणीसाठी कॅप्चर हे साधन सर्वांस उपलब्ध करून दिले. स्पंदक ताऱ्यांच्या कालमापनाच्या भारतीय प्रकल्पासाठी लिहिलेली पिंटा ही आज्ञावली याच मालिकेतील होय; त्या प्रकल्पाच्या नोंदींचा २०२३ साली अतिमंद गुरुत्वतरंगांच्या पुराव्यात वाटा होता.

मात्र या यशातही एक प्रश्न दडलेला आहे. सदोष नोंद कोणती हे पूर्वी डोळा ठरवी. आता एक सीमांक ठरवितो. तो सीमांक कोणी, कोणत्या समजुतीने निवडला, हे आज्ञावलीत लिहिलेले असते; परंतु ते वाचण्याची गरज वापरकर्त्यास भासत नाही. क्षणिक खगोलीय स्फोट आणि वीजवाहिनीवरील ठिणगी या दोहोंचे रूप सकृद्दर्शनी सारखे असू शकते. साधन-छाननी यंत्राकडे सोपविली की तीतील गृहीतके अदृश्य होतात.

७

खोडदहून फार दूर नसलेल्या पाबळ येथे याच विद्येस सर्वस्वी निराळे वळण मिळाले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्न-तंत्रज्ञ. एका मोठ्या कंपनीतील संशोधनकार्य सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या अथवा शाळेत न रमलेल्या मुलांना प्रत्यक्ष कामातून शिक्षण द्यावयाचे, ही त्यांची भूमिका होती. जोडकाम, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे गावाच्या गरजेप्रमाणे करावयाची आणि त्यांतून विज्ञान उलगडावयाचे, असा एक वर्षाचा अभ्यासक्रम तेथे आखला गेला. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या बाहेर स्थापन झालेली पहिली फॅब लॅब पाबळ येथे आली. संगणकाच्या आज्ञेने वस्तू कापणारी, कोरणारी व मंडले तयार करणारी यंत्रे तीत असतात.

पाबळचे महत्त्व असे की तेथे आज्ञावली ही स्वतंत्र, उच्चासनस्थ विद्या म्हणून आली नाही. ती पक्कड आणि कानस यांच्या शेजारी, एक हत्यार म्हणून आली. प्रथम गरज, मग वस्तू, मग ती वस्तू घडविणारी आज्ञा, असा तेथील क्रम होता. विद्यापीठीय शिक्षणात हा क्रम नेमका उलटा असतो : प्रथम भाषेचे व्याकरण, मग कृत्रिम उदाहरणे, आणि प्रत्यक्ष प्रश्न शेवटी, आलाच तर. आज्ञेचा परिणाम पाबळच्या विद्यार्थ्यास लाकडावर वा धातूवर दिसे, त्यामुळे चूक लपत नसे. छिद्रित पत्रांच्या काळातील खिडकीने जे काम केले, तेच येथे वाया गेलेल्या फळीने केले.

तालुक्याच्या गावी मात्र ‘संगणक शिकणे’ या शब्दांस तिसराच अर्थ आला. केंद्र सरकारच्या १९८४ च्या शालेय संगणक-साक्षरता योजनेचा विस्तार मर्यादित होता. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने मात्र राज्याच्या कानाकोपऱ्यात संगणक पोहोचविला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. संगणकाचे भय घालविण्याचे मोठे कार्य या अभ्यासक्रमाने केले, आणि तेही मराठीतून केले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचे स्वरूप वापराच्या शिक्षणाचे होते. परिणामी ग्रामीण विद्यार्थ्याच्या मनात संगणक शिकणे म्हणजे प्रमाणपत्र मिळविणे असे समीकरण रूढ झाले.

८

आता डिंभ्याकडे परत वळले पाहिजे. रेडिओ दुर्बिणीस शांतता लागते, आणि ती शांतता हा परिसर पुरवितो. दुर्बिणीभोवतीच्या टापूत उद्योग व संदेश-यंत्रणा यांवर बंधने आहेत. नियोजित पुणे–नाशिक जलद रेल्वेमार्गाच्या आखणीसही याच कारणाने अडथळा आला. धरणामुळे डिंभ्याच्या वरच्या खोऱ्यातील महादेव कोळी समाजाची शेते व वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि पाणी मुख्यत्वे पूर्वेकडील शेतीस मिळाले; या वाटपाविषयीचे प्रश्न सर्वांस ठाऊक आहेत. विद्येच्या वाटपाविषयी मात्र असा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदची दुर्बीण लोकांस खुली होते. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांचे प्रयोग तेथे मांडले जातात आणि हजारो माणसे येतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण पाहणे आणि वाचणे यांत भेद आहे. खोडदच्या नोंदी मुदतीनंतर कोणासही मागता येतात. त्यासाठी पुण्यास वा परदेशी जावे लागत नाही. त्यांच्या वाचनास लागणाऱ्या आज्ञावल्याही विनामूल्य आहेत. म्हणजे तत्त्वतः घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास आपल्या तालुक्यातून पाहिलेले आकाश वाचण्यास कोणाची बंदी नाही. यंत्राची टंचाई हे कारण आता पूर्वीइतके प्रबळ राहिलेले नाही. जी टंचाई उरली आहे ती मार्गदर्शनाची आणि भाषेची. या विषयावरील पाठ्यसाहित्य इंग्रजीत आहे, आणि ते विद्यार्थ्यास खगोलशास्त्र, गणित व आज्ञावली ही तिन्ही अगोदरच अवगत आहेत असे गृहीत धरते. २०१३ पासून आनंद होता यांनी चालविलेल्या रॅड-अ‍ॅट-होम या उपक्रमाने पदवीच्या विद्यार्थ्यांस तयार चित्रे वाचण्यास शिकवून हा अडसर काही अंशी दूर केला आहे. चित्रामागील आज्ञा वाचण्याचे पाऊल त्यापुढचे आहे.

९

गेल्या काही वर्षांत या इतिहासास नवे वळण लागले आहे. मानवी भाषेत सांगितलेल्या गरजेवरून आज्ञावली लिहून देणाऱ्या यंत्रणा २०२१ नंतर सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती आल्या. मराठीत विचारले तरी त्या उत्तर देतात. भाषेचा जो अडसर वर सांगितला तो यामुळे बराच सैल होईल, ही शक्यता खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. डिंभे परिसरातील विद्यार्थ्यास व्याकरणाच्या उंबरठ्यावर अडखळून परत फिरावे लागणार नाही.

परंतु मागील अवस्थांशी तुलना केली असता असे दिसते की विद्यार्थी पुन्हा खिडकीपाशी आला आहे. तो आपला प्रश्न आत देतो आणि उत्तर बाहेर येते. मधले काम त्यास दिसत नाही. भेद इतकाच की जुनी खिडकी एक दिवस थांबावयास लावी व त्या विलंबात वाचनाची शिस्त जन्मली. नवी खिडकी क्षणात उत्तर देते आणि उत्तर सफाईदार असते. वाचनाची सक्ती करणारी किंमतच उरलेली नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की प्रत्येक साधनाविषयी हेच म्हटले गेले आहे. लॉगॅरिथमची कोष्टके वापरणाऱ्याने ती स्वतः कधी काढली नाहीत आणि त्यावाचून त्याचे अडले नाही. आक्षेप विचारार्ह आहे, पण साम्य अपुरे आहे. कोष्टकातील आकड्याची सत्यता वापरकर्त्याच्या प्रश्नावर अवलंबून नसते. ती एकदा तपासली की सर्वांसाठी तपासली जाते. सदोष नोंद गाळणारी आज्ञा मात्र पुरावा कोणता आणि कचरा कोणता हे ठरविते, आणि ते ठरविणे प्रत्येक प्रश्नागणिक बदलते. हा निर्णय दुसऱ्याकडून घेता येईल; पण त्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येणार नाही.

या इतिहासातून अध्यापनाविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती वाचण्यास शिकविले पाहिजे, आणि वाचनाची परीक्षाही घेतली पाहिजे. मोडीच्या विद्यार्थ्यास आपण प्रथम लिहावयास लावीत नाही, वाचावयास लावतो. येथेही तोच क्रम योग्य ठरेल. दुसरी ही की प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एकदा, दहा-वीस घटकांचे का होईना, एखादे लहान चित्र कागद-पेन्सिलीने सिद्ध करावे. त्यास एक-दोन दिवस लागतील. सिडनी येथे जे नाइलाजाने करावे लागले ते येथे हेतुपूर्वक केले, तर यंत्राने दिलेल्या पुढील सर्व उत्तरांस विचारण्याजोगे प्रश्न त्याच्यापाशी असतील. हे पाठ मराठीत तयार करण्याचे काम पुण्यातील विद्यापीठीय विभागांस जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारे आकाश डिंभ्याच्या कालव्याच्या दुसऱ्या टोकापासून फारसे दूर नाही.